रोझमेरी: कोथिंबिरीसारखी भुरभुरवू नका, फोडणीत घाला

आमच्या घरात रोझमेरी आली ती केसांच्या वाटेने. मध्यंतरी नेरूळच्या आमच्या इमारतीत एक मजला असा नव्हता जिथे कुणी रोझमेरीचं पाणी उकळत नव्हतं. जाऊबाईंनीही एक जुडी आणली, चार दिवस नेमाने पाणी लावलं आणि पाचव्या दिवशी उरलेली जुडी माझ्या ओट्यावर ठेवली. "बघ गं, तुला जेवणात काही करता येतंय का."

मी केलं. पानं बारीक चिरली आणि बटाट्याच्या भाजीवर गॅस बंद करून वरून भुरभुरवली, कोथिंबीर भुरभुरवतो तशी. सासूबाईंनी पहिला घास घेतला आणि थांबल्या. "अगं, भाजीला निलगिरीचं तेल लागलंय का कुठून? आणि हे दाताखाली काय येतंय, खराट्याच्या काड्या?"

चिडायचं कारण नव्हतं, कारण दोन्ही तक्रारी अगदी नेमक्या होत्या. रोझमेरीच्या सुगंधी तेलात सिनिओल नावाचा घटक भरपूर असतो आणि निलगिरीच्या तेलाचा मुख्य घटकही तोच. त्याच्या जोडीला कापूर असतो. म्हणजे बेताबाहेर घातली की भाजीला बामाचा नाहीतर देवघराचा वास येणारच. आणि काड्यांचं म्हणाल तर हे झुडूप भूमध्य समुद्राच्या काठचं, उन्हाळाभर पाऊस न बघणारं. पाणी राखायचं म्हणून त्याची पानं सुईसारखी, जाड, कडा आत वळलेली, खालून पांढरट लव असलेली. कोकणातल्या किनाऱ्यावरच्या सुरूच्या झाडाची आठवण यावी अशी. गरम भाजीच्या वाफेने कोथिंबीर मऊ पडते, हे पान पडत नाही.

कुळ म्हणाल तर आपल्या ओळखीचंच. तुळस, पुदिना, सब्जा, पानओवा ही सगळी हिची भावंडं. शास्त्रीय नाव पूर्वी रोझमारिनस ऑफिसिनॅलिस होतं. 2017 मध्ये वनस्पतिशास्त्रज्ञांनी तिला सेज या सुगंधी झुडपाच्या गटात (साल्व्हियात) घातलं, तेव्हापासून ती साल्व्हिया रोझमारिनस. पण कुळावरून स्वयंपाक ठरवायचा नाही. पुदिना आपण कच्चा वाटतो, तुळशीचं पान नैवेद्यावर ठेवतो. रोझमेरीला हे दोन्ही मानवत नाही. तिचा वास पाण्यात फार उतरत नाही, स्निग्धात उतरतो. तेल, तूप, लोणी, मटणाची चरबी, काहीही चालेल, पण स्निग्ध हवं आणि ते गरम हवं. फोडणी या शब्दाचा अर्थ ज्या घराला कळतो, त्या घराला रोझमेरी वेगळी शिकवावी लागत नाही.

मी स्वतःसाठी खूणगाठ बांधून ठेवली आहे: ताजी रोझमेरी म्हणजे कढीपत्ता, वाळलेली म्हणजे तमालपत्र, पूड म्हणजे हिंग. पहिली गरम तेलात जाते, दुसरी रश्शात शिजते आणि काढून टाकतात, तिसरी चिमटीने मोजतात.

आणायची कुठून, बघायचं काय

वाशीच्या एपीएमसीच्या भाजी बाजारात ब्रोकोली, झुकिनी, लेट्यूस विकणारे जे 'इंग्लिश भाजी'वाले असतात, त्यांच्याकडे विचारा. घाऊक बाजार असल्यामुळे एका जुडीसाठी सगळेच थांबत नाहीत, पण पहाटेची गर्दी ओसरली की मिळून जाते. सीवूड्स, खारघर किंवा ठाण्यात घोडबंदर रोडच्या मोठ्या सुपरमार्केटांत प्लॅस्टिकच्या डबीत चार-पाच काड्या मिळतात. त्या डब्या महाग पडतात आणि तळाशी घाम सुटलेला असतो, म्हणून डबी उलटी करून बघा. टोकं काळी पडलेली किंवा पानं चिकट झालेली असतील तर घेऊ नका. चांगली काडी हिरवीगार, ताठ आणि किंचित लवचीक असते. पान चोळलं की वास बोटांवर तासभर राहतो.

वाळलेली घेताना रंग बघा. राखाडीकडे झुकणारा हिरवा रंग ठीक. तपकिरी झाली असेल तर ती नुसती काडी आहे, वास कधीच उडाला. आणि एक गोष्ट नीट तपासा: बाजारात वाळलेली रोझमेरी आज केसांसाठीच जास्त विकली जाते. दुकानात मागितली की पहिला प्रश्न "केसांसाठी का?" हाच येतो. स्वयंपाकाला घ्यायची तर पाकिटावर खाद्यपदार्थाचा 14 अंकी एफएसएसएआय परवाना क्रमांक हवा. रोझमेरी इसेन्शियल ऑइल म्हणून जी छोटी बाटली मिळते ती तर स्वयंपाकघरात आणूच नका. ते अतितीव्र अर्क असतात, पोटात घ्यायचे नव्हेत. जेवणापुरती रोझमेरी बहुतेकांना काही करत नाही, पण गरोदर बायकांनी तिचे काढे आणि अर्क डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नयेत.

पूड मी विकत घेतच नाही. का, ते पुढे येईल.

किती घालायची

1 टेबलस्पून बारीक चिरलेली ताजी पानं, 1 टीस्पून वाळलेली पानं आणि अर्धा टीस्पून पूड, ही तिन्ही प्रमाणं साधारण सारखी. वाळताना पाणी जातं आणि वास एकवटतो, म्हणून वाळलेली कमी. पूड त्याहून कमी, कारण तिचा वास एकदम आणि पूर्ण सुटतो; पानासारखी ती काढून टाकता येत नाही. चार-पाच इंचांच्या एका काडीची पानं चिरली की सुमारे 1 टीस्पून भरतात.

चार माणसांच्या पदार्थाला पहिल्यांदा एकच काडी वापरा, नाहीतर पाव टीस्पून पूड. कमी पडली तर पुढच्या वेळी वाढवता येते. जास्त झाली तर मात्र उपाय थोडे: काडी अख्खी घातली असेल तर लगेच काढा, उकडलेला बटाटा किंवा थोडं लोणी घालून पसरवा, वरून लिंबू पिळा. बामाच्या वासाला आंबट थोडं आवरतं, पूर्ण घालवत नाही.

ताजी रोझमेरी

काडी धुवायची आणि खरोखर कोरडी करायची. फडक्यात गुंडाळून दाबा, मग दहा मिनिटं पंख्याखाली ठेवा. पानांच्या वळलेल्या कडांत पाणी दडतं आणि गरम तेलात गेलं की कढीपत्त्यापेक्षा जोरात तडतडतं.

पानं काढायची युक्ती अशी: काडीचा शेंडा एका हाताच्या चिमटीत धरा आणि दुसऱ्या हाताची दोन बोटं वरून खाली, पानांच्या वाढीच्या उलट दिशेने ओढा. सगळी पानं एका झटक्यात सुटतात. शेंड्याचा कोवळा भाग तुटला तर तुटू दे, तो चिरता येतो. खालचं लाकडी देठ टाकू नका; वाळवून ठेवा. शेगडीवर कोळशात काही भाजताना निखाऱ्यावर एखादं देठ टाकलं की धुराला छान वास येतो.

चिरायची तर अगदी बारीक, जिऱ्यापेक्षा लहान. नाहीतर अख्खी काडीच तेलात सोडायची आणि काढायची. मधलं काही करू नका. अर्धवट चिरलेली पानंच दाताखाली येतात आणि घरातल्यांचं मत कायमचं बिघडवतात.

आता आच. तेल धूर येईपर्यंत तापवून मोहरीसारखी रोझमेरी टाकली तर ती काही सेकंदांत काळी आणि कडू होते. तेल मध्यम गरम, आच मंद, पान टाकल्यावर हळू बुडबुडे यायला हवेत. अर्ध्या ते एका मिनिटात पानं कुरकुरीत होतात, रंग थोडा गडद हिरवा होतो आणि तेलाला वास येतो. तेव्हाच पुढचं साहित्य पडायला हवं. लसूण जोडीला असेल तर तेच घड्याळ: लसणाच्या कडा सोनेरी झाल्या की थांबा.

तेल कोणतंही चालतं, फक्त स्वतःचा ठसका असलेलं नको. घाण्याचं शेंगदाणा तेल आमच्याकडे रोजचं, पण त्यात रोझमेरी हरवते. सूर्यफूल, ऑलिव्ह, तूप किंवा लोणी घ्या. तुपात ती मला सगळ्यात आवडते, जरी इटालियन माणसाने यावर नाक मुरडलं असतं.

*पहिला पदार्थ बटाट्याचाच करा,* कारण चूक तिथेच झाली होती.

500 ग्रॅम बटाटे सोलून दीड इंचाचे तुकडे करा. लिटरभर पाण्यात मीठ आणि पाव टीस्पून खायचा सोडा घालून 8 ते 10 मिनिटं उकळा. सोड्याने बटाट्याचा बाहेरचा थर मऊ, पिठूळ होतो आणि पुढे त्याचंच खरपूस कवच बनतं. निथळून परत पातेल्यात घाला, दोन मिनिटं वाफ जाऊ द्या, झाकण लावून पातेलं चारपाचदा हलवा. तुकड्यांच्या कडा खरखरीत दिसायला हव्यात.

तोवर छोट्या कढल्यात 3 टेबलस्पून तेल, 1 टीस्पून बारीक चिरलेली रोझमेरी आणि 4 चिरलेल्या लसूणपाकळ्या मंद आचेवर ठेवा. लसूण जेमतेम सोनेरी झाला की चहाच्या गाळणीतून तेल गाळून घ्या. गाळणीत राहिलेला चुरा बाजूला ठेवा, फेकू नका. हे वास उतरलेलं तेल, थोडं मीठ आणि मिरपूड बटाट्यांना चोळा. ओव्हन असेल तर 220 अंशांवर 40 ते 45 मिनिटं, मध्ये एकदा उलटून. नसेल तर जाड लोखंडी कढईत मध्यम आचेवर वीस-पंचवीस मिनिटं, न झाकता, आणि सारखं न ढवळता. एक बाजू लाल झाल्याशिवाय दुसरी करायची नाही. उतरवल्यावर गाळणीतला चुरा वरून मिसळा. तो आधीच कुरकुरीत झालेला असतो, भाजताना घातला असता तर जळला असता.

सासूबाईंनी या वेळी काही म्हटलं नाही, फक्त वाटी पुढे केली.

पावाचा प्रकार त्याहून सोपा. 50 ग्रॅम लोण्यात 1 टीस्पून बारीक रोझमेरी आणि 2 ठेचलेल्या पाकळ्या मंद आचेवर मिनिटभर ठेवा. लादी पाव न सुटे करता वरून आडवेउभे काप द्या, हे लोणी कापांत चमच्याने सोडा आणि तव्यावर झाकण ठेवून पाच मिनिटं गरम करा. टोमॅटोच्या सुपाबरोबर पावसाळ्यात आमच्याकडे रात्रीचं जेवण एवढंच असतं.

आणि मासे. बेलापूरला दिवाळे कोळीवाड्यात ताजा रावस मिळाला की त्यातले चार तुकडे मी बाजूला काढते. शेजारच्या आगरी काकूंना हे मुळीच पटत नाही. त्यांच्या मते रावसाला त्यांच्या मसाल्याशिवाय काहीही लावणं म्हणजे रावस वाया घालवणं, आणि त्यांचं कालवण खाल्लं की वाद घालायची सोय राहत नाही. तरी हेही करून बघा. पाऊण इंच जाडीचे तुकडे पुसून कोरडे करा, मीठ-मिरी लावा, हळद-तिखट नको. तव्यावर 1 टेबलस्पून तेलात एक बाजू 3 ते 4 मिनिटं न हलवता होऊ द्या. उलटा, आच कमी करा, मग 1 टेबलस्पून लोणी, रोझमेरीची एक काडी आणि ठेचलेला लसूण तव्याच्या रिकाम्या जागेत टाका. लोणी फेसाळलं की तवा तिरका करून ते चमच्याने माशावर दोन-तीन मिनिटं ओतत राहा. काडी काढून टाका, लिंबू पिळा. सुरमई आणि बांगडा यांनाही चालतं. पापलेटाला नको; त्याची नाजूक चव रोझमेरीपुढे टिकत नाही.

वाळलेली रोझमेरी

वाळलेली रोझमेरी शिजवली तरी पुरती मऊ होत नाही. ताजीपेक्षाही जास्त टोचते. म्हणून ती एकतर खलबत्त्यात भरड कुटून घ्या किंवा मलमलच्या फडक्यात पुरचुंडी बांधून शिजवा. मला पुरचुंडी बरी वाटते, कारण तिला बाहेर काढता येतं. वीस-पंचवीस मिनिटांनंतर रोझमेरी शिजत राहिली की सुगंध कमी आणि औषधीपणा जास्त उतरतो.

टोमॅटोचा रस्सा, कडधान्यं, मटणाचा पातळ रस्सा, मशरूम, लाल भोपळ्याचं सूप, ही हिची क्षेत्रं. त्यातलं कडधान्य मी आठवड्याला करते. आपल्याकडची डबल बी इटालियन स्वयंपाकातल्या पांढऱ्या घेवड्याच्या बियांची जागा मस्त घेते.

1 वाटी डबल बी आठ तास भिजवून, पाणी बदलून कुकरला तीन-चार शिट्या द्या. दाणा बोटांनी सहज दबला पाहिजे. पातेल्यात 2 टेबलस्पून तेलात एक कांदा आणि 5 लसूणपाकळ्या परता. कांदा पारदर्शक झाला की 1 टीस्पून वाळलेल्या रोझमेरीची पुरचुंडी त्याच तेलात टाका आणि डावाने मिनिटभर दाबत राहा. ही पायरी गाळू नका. थेट रश्शात टाकलेली पुरचुंडी आणि आधी तेलात दाबलेली पुरचुंडी यांच्या चवीत सरळ फरक पडतो. मग 3 चिरलेले टोमॅटो, अर्धा टीस्पून तिखट, मीठ, चिमूटभर साखर. टोमॅटो गळले की डबल बी तिच्या पाण्यासकट घाला आणि मंद आचेवर वीस मिनिटं. पुरचुंडी पिळून काढा. थोडे दाणे डावाने चेचले की रस्सा आपोआप दाटतो.

या उसळीला गोडा मसाला घालायचा मोह होईल. घालू नका. दगडफूल, खोबरं, तीळ, धणे यांची एक पूर्ण भट्टी तिथे जमलेली असते आणि रोझमेरी त्यात परक्यासारखी उभी राहते. ओल्या नारळाशीही तिचं जमत नाही, आणि कोथिंबीर तर दोघींचीही चव घालवते. लसूण, मिरी, लिंबू, टोमॅटो, लोणी, मध, मशरूम, रताळं हे तिचे सोबती. रताळ्यावरून आठवलं: तुपात परतलेल्या रताळ्याच्या कापांवर रोझमेरी फार सुंदर लागते, म्हणून मी विचारलं होतं की उपवासाला चालेल का. सासूबाईंचा निकाल: "झाडपाला आहे, वाईट काही नाही. पण यादीत नाही." तेव्हा आमच्याकडे रताळं एकादशीच्या दुसऱ्या दिवशी.

घरी वाळवायची तर आपल्या हवेत नोव्हेंबर ते फेब्रुवारी हेच महिने. काड्यांची सैल जुडी बांधून सावलीत, वाऱ्याच्या जागी उलटी टांगा. दहा-बारा दिवसांत पान चिमटीत कटकन मोडायला लागतं. खाडीकाठच्या दमट हवेत पावसाळ्यात टांगलेल्या जुडीला बुरशी लागते, हे मी करून पाहिलेलं आहे. त्या दिवसांत मायक्रोवेव्ह वापरा: पानं दोन टिश्यूंच्या मध्ये एकेरी थरात पसरा, एक मिनिट चालवा, बघा, मग वीस-वीस सेकंदांनी वाढवा. जळका वास यायच्या आत थांबा आणि पूर्ण गार झाल्यावरच बाटलीत भरा. कोमट भरली तर वाफ आत अडकते.

पूड

बाजारची पूड किती जुनी आहे हे वासावरून सांगता येत नाही, कारण पाकीट बंद असतं. दळल्यावर तेल उडायला लागतं; अख्खी वाळलेली पानं हवाबंद बाटलीत वर्षभर चांगली राहतात, पूड काही महिन्यांत मुकी होते. म्हणून पानं साठवायची आणि पूड लागेल तशी करायची.

तवा गरम करा, गॅस बंद करा, मग वाळलेली पानं त्यावर दोन-तीन मिनिटं हलवा. भाजायची नाहीत, हवेतला ओलावा फक्त घालवायचा. गार झाल्यावर मिक्सरच्या सगळ्यात लहान भांड्यात चिमूटभर खड्याच्या मिठाबरोबर वीस-पंचवीस सेकंद फिरवा. भांड्यात निदान चार टेबलस्पून पानं हवीत, नाहीतर पातं त्यांना नुसतं फिरवत राहतं. थोडीच हवी असेल तर खलबत्ता काढा. झाकण लगेच उघडू नका, धूळ नाकात जाते आणि शिंका थांबत नाहीत. मैद्याच्या चाळणीने चाळा. वर राहिलेल्या रेषा पुढच्या पुरचुंडीला.

पुडीची खरी जागा पिठात आणि चोळायच्या मसाल्यात. जिथे पान अडकेल, टोचेल, लाटताना पोळी फाडेल, तिथे पूड. दिवाळीत मी खाऱ्या शंकरपाळ्यांचा एक घाणा हिचा करते.

2 वाट्या मैदा (सुमारे 250 ग्रॅम, अर्धी कणीकही चालते), 2 टेबलस्पून बारीक रवा, पाऊण टीस्पून मीठ आणि 1 टीस्पून भरड मिरी एकत्र करा. 4 टेबलस्पून तुपाचं मोहन कडकडीत करा, गॅस बंद करून अर्ध्या मिनिटाने त्यात पाऊण टीस्पून रोझमेरी पूड ढवळा आणि मग पिठावर ओता. पूड पिठात कोरडी टाकली तर वास अर्धाच लागतो. पीठ मुठीत दाबलं की मुटका वळायला हवा, नाहीतर आणखी चमचाभर तूप. लागेल तसं पाणी घालून घट्ट मळा, अर्धा तास झाकून ठेवा, पुरीपेक्षा थोडं जाड लाटून कापा. तळताना आच मंद ते मध्यम. एका घाण्याला सहा-आठ मिनिटं सहज लागतात. तेल जास्त तापलं तर पिठातले हिरवे ठिपके आधी जळतात आणि शंकरपाळा आतून कच्चा, वरून कडू होतो. तळणीचं ते तेल पुन्हा अनारशांना वापरू नका, वास धरून बसतं.

चिकनला लावायचं तर 500 ग्रॅमला अर्धा टीस्पून पूड, पण आधी 1 टेबलस्पून कोमट तेलात कालवून. मग 2 टेबलस्पून चक्का, 1 टीस्पून वाटलेला लसूण, मिरी, मीठ, अर्ध्या लिंबाचा रस. फ्रिजमध्ये दोन ते चार तास. 250 ग्रॅम पनीरला पाव टीस्पून पूड आणि अर्धा तास पुरतो. रात्रभर मुरवायची गरज नाही.

सरबतात मात्र पूड कधीच नको, तळाशी गाळ बसतो. तिथे ताजी काडी. 1 वाटी साखर 1 वाटी पाण्यात विरघळवून उकळी आली की गॅस बंद करा, दोन काड्या टाका, झाकून पंधरा मिनिटं ठेवा आणि गाळा. स्निग्ध नसलेल्या ठिकाणी थोडाच वास उतरतो आणि सरबताला तेवढाच हवा असतो. लिंबू, मोसंबी, अननस यांच्याबरोबर छान. कोकमाला हात लावू नका, ते एकटंच बरं.

टिकवायची कशी

ताज्या काड्या किंचित ओल्या टिश्यूत गुंडाळून डब्यात, फ्रिजमध्ये. दहा-बारा दिवस काळजी नाही. त्याहून जास्त असतील तर चिरून बर्फाच्या ट्रेमध्ये भरा, वर वितळलेलं लोणी किंवा तेल ओता आणि गोठवा. एक खडा म्हणजे एक फोडणी. गोठवलेली काडी काळपट दिसते, शिजवायला चालते.

तेलाच्या सुंदर बाटलीत रोझमेरीची काडी आणि लसणाच्या पाकळ्या बुडवून ओट्यावर ठेवलेली छायाचित्रं तुम्ही पाहिली असतील. ते करू नका. ताज्या पानात आणि लसणात ओलावा असतो, आंबटपणा नसतो आणि तेलाखाली हवा पोचत नाही. क्लॉस्ट्रिडियम बोटुलिनम या जिवाणूला नेमकी हीच परिस्थिती लागते, आणि त्याचं विष जीवघेणं असतं. त्याला वास किंवा चव येईलच असं नाही. आपली लोणची टिकतात ती मीठ आणि आंबटपणामुळे, तो आधार या तेलाला नसतो. वास उतरवलेलं तेल गाळून फ्रिजमध्ये ठेवा, बाटलीवर तारीख लिहा आणि चार दिवसांत संपवा. जास्त टिकवायचं असेल तर गोठवा.

बाल्कनीतली कुंडी

जुडी महाग आणि लागते एकच काडी, त्यामुळे कुंडीचा विचार प्रत्येकाच्या मनात येतो. माझी दोन रोपं मेली, दोन्ही जुलैत, दोन्ही माझ्या मायेने. भूमध्य काठावर उन्हाळा कोरडा आणि पाऊस हिवाळ्यात; आपल्याकडे नेमकं उलटं. ऊन तिला चालतं, ओली मुळं चालत नाहीत.

तिसरं रोप जगलं त्याची व्यवस्था अशी: मातीची कुंडी, प्लॅस्टिकची नाही. तळाला मोठं भोक आणि त्यावर खापराचा तुकडा. अर्धी माती, अर्धी जाड वाळू किंवा परलाइट (कुंडीत घालायचे हलके पांढरे दाणे). कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) जवळजवळ नाहीच, ते पाणी धरून बसतं. शेणखत मूठभर. निदान सहा तास ऊन आणि वारा खेळती जागा. बोट दोन इंच खुपसून माती कोरडी लागली तरच पाणी. बशीत साठलेलं पाणी ओतून टाका. जूनच्या पहिल्या पावसाआधी कुंडी ग्रिलमधून आत, भिंतीच्या आडोशाला घ्या, पण खोलीत कोंडू नका. कोंदट जागी पानांवर भुरी येते.

काड्या तोडताना एका वेळी रोपाच्या तिसऱ्या हिश्श्यापेक्षा जास्त नको, आणि पानं नसलेल्या जुन्या लाकडात कात्री नको, तिथून नवा फुटवा सहसा येत नाही. डिसेंबरात चार इंचांची कोवळी काडी तोडा, खालच्या निम्म्या भागाची पानं काढा, ओलसर वाळूत खोचून सावलीत ठेवा. चार ते आठ आठवड्यांत हलकं ओढून बघा. अडली की मूळ धरलं. मी एका वेळी सहा लावते, कारण त्यातल्या दोन-तीनच धरतात. गेल्या खेपेची एक शेजारच्या काकूंकडे गेली आहे. त्या ती सुक्या बोंबलांवर घालून बघणार आहेत म्हणे.